पिवळं बोट

घाटाचा उतार सुरू होतो, त्याच्या अलीकडच्या वळणावर मामीचं दुकान होतं. दुकान म्हणायचं आपलं. होती एक लांबलचक पत्र्याची शेड, मागे भट्टी, पुढे टायरांच्या चळती, आणि कोपऱ्यात काचेची एक खोली. तिला भाचा ऑफिस म्हणायचा आणि बाकीचे सगळे फिशटँक. ट्रकच्या झिजलेल्या टायरांना इथे नवी पट्टी चढवून मिळे. जुना सांगाडा धड असला तर तो घासायचा, त्यावर रबराची पट्टी गुंडाळायची आणि भट्टीत घालायचा, की बाहेर येतो तो नव्यासारखा, निम्म्या किमतीत. सांगाडा धड नसला तरीही तो नव्यासारखाच दिसतो, घोळ तिथेच आहे. धड कोण आणि नुसता दिसायला धड कोण, हे ठरवायचं काम मामीचं.

खरी ती एकट्या भाच्याची मामी. पण मामा गेल्यावर भाच्याने दुकान हातात घेतलं आणि त्याच्याबरोबर कामगारांना, ड्रायव्हरांना, नुसती हवा भरायला थांबणाऱ्यांनाही ती मामी म्हणून आयतीच मिळाली.

तिची तपासायची एक पद्धत होती. टायर यंत्रावर फाकवायचा, आत दिवा सोडायचा, हातमोजा काढून उघड्या बोटांनी सगळा घेर चाचपायचा आणि मग छोट्या हातोडीने ठोकत जायचं. चांगला सांगाडा ठणठणीत वाजतो. आतून सुटलेला असला की भद् करतो, कुजक्या भोपळ्यासारखा. नापास झाला की खडूची फुली आणि मागच्या ढिगात रवानगी. पास झाला की पिवळ्या रंगात बोट बुडवून आतल्या बाजूला एक ठसा. तिचं ते पिवळं बोट त्या रस्त्यावर नाण्यासारखं चालायचं. बाळाला दात आला का बघावं तसे ड्रायव्हर वाकून टायरच्या तोंडात बोट शोधत, आणि दिसलं की पुढे एक प्रश्न विचारत नसत.

आणखी एक रीत होती, मामाने घालून दिलेली. प्रत्येक टायरला मालकाचं नाव ठोकलेला पत्र्याचा बिल्ला तारेने बांधलेला असे. टायर मामीसमोर येताना तो बिल्ला उलटा करून यायचा, आणि तिचा निकाल लागेपर्यंत सुलटा करायचा नाही. हाताला नातं कळलं की हात खोटं बोलतो, असं मामा म्हणायचा. खुद्द मामाच्या सख्ख्या भावाच्या टायरांवर मामीने एकदा फुल्या मारल्या होत्या. तो रागावून वर्षभर घरी जेवायला आला नाही. मामीला त्याचं फार दुःख झालं नाही. तो खायचाही फार.

तर अशा त्या दुकानात मंदी आली ती आधी टीव्हीवर. येणार, येणार, आलीच, असं फिशटँकमध्ये दिवसभर चाललेलं असे, एखाद्या लांबच्या पाहुण्याची वाट बघावी तसं. दोन मोठे देश शाळेतल्या पोरांसारखे भांडत होते. तू माझ्या मालावर कर लावलास, थांब, मी तुझ्यावर दुप्पट लावतो. तिकडे समुद्रात कुठेतरी तेलाची जहाजं अडकली होती आणि तेल रोज एक पायरी चढत होतं. भाचा हातातल्या फोनवर शेअरबाजाराची रेघ बघत बसे. रेघ हिरवी असली की सगळ्यांना चहा सांगे. हल्ली चहा मिळत नव्हता.

मामीला रेघेतलं काही कळत नव्हतं. पण टायरच्या खाचांत अडकलेले खडे ती टोच्याने उकरून काढायची, आणि त्यावरून गाडी कुठे कुठे फिरून आली ते तिला कळे. बंदराच्या रस्त्यावरची काळी, तेलकट कच तर हटकून निघायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती कमी झाली. मग निघेनाशी झाली. मग एक दिवस एका टायरच्या आत कोळ्याचं जाळं निघालं. जाळ्यात कोळी, आणि कोळ्याजवळ अंड्यांची पांढरी पुरचुंडी.

“भरलं घर आहे,” घासाईवाला वाकून म्हणाला. रबराच्या भुकटीने तो नखशिखान्त काळा असायचा, म्हणून त्याला सगळे पावडर म्हणत.

मामी हसली नाही. चालत्या चाकात कोळी संसार मांडत नाही. गाड्या उभ्या होत्या. कुठेतरी, दिसत नव्हत्या अशा जागी, ओळीने उभ्या होत्या.

तिच्या जिवाला घोर लागला तो जावयाचा. एकुलती लेक घाटाखालच्या गावात दिलेली. जावयाचा स्वतःचा एक ट्रक, आणि तो आठवड्यातून दोनदा वरून माल भरून हाच घाट उतरायचा. जावई हसरा, तोंडाळ, मामीला आई म्हणणारा आणि आईची टिंगल केल्याशिवाय घास न गिळणारा. भाडं अर्ध्यावर आलं तेव्हा त्याने माल दुप्पट भरायला सुरुवात केली. गणित बरोबर होतं, पण ब्रेकला ते कुणी समजावलं नव्हतं. मामीने त्याला कमी भर म्हणून सांगून पाहिलं. त्याने हसून विषय बदलला. शेवटी तिने निदान एक शपथ घातली, की चाकावर हात असेल तोवर फोन बंद करून सीटखालच्या डब्यात ठेवायचा. ती मात्र त्याने पाळली. आईचा शब्द म्हणून लोकांना कौतुकाने सांगायचाही.

तेल आणखी चढलं तसा भाच्याने भट्टीचा नियम बदलला. भट्टीत दहा टायर मावत. दहा घाला नाहीतर चार घाला, ती खायची तेवढंच तेल खायची. म्हणून दहा भरल्याशिवाय पेटवायची नाही, असं ठरलं. पूर्वी दिवसाआड पेटणारी भट्टी मग आठवडा आठवडा गार राहू लागली. कामगार सकाळी यायचे, शेड झाडायचे, झाडलेली पुन्हा झाडायचे. इतकी स्वच्छ शेड मामाच्या हयातीत कुणी पाहिली नव्हती.

त्या दिवशी दहा टायर जमले होते. सात पास झाले. उरलेले तीन मामीने बाजूला उभे केले आणि खडू उचलला, तेवढ्यात भाचा फिशटँकमधून बाहेर आला.

“या तिघांचं काय?”

“फुली.”

“तिघांवरही?”

“एकाच घरचे दिसतात. एकाच उन्हात भाजलेत. वरून तुकतुकीत आहेत, आतून सुटायला लागलेत.”

भाचा तिच्याशेजारी एका टायरवर बसला. तो वाईट मुलगा नव्हता. मामीला एकटीला टाकून कधी परगावी राहिला नव्हता, आणि मामाच्या फोटोवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसायचा. तो खालच्या आवाजात बोलत राहिला. आज भट्टी पेटली नाही तर उद्यापासून निम्म्या लोकांना येऊ नका म्हणून सांगावं लागेल. पावडरला पहिल्यांदा, कारण घासायलाच काही नसेल. पावडरने घासाईचं यंत्र बंद केलं होतं आणि तो ते पुसत होता. फार वेळ, एकाच जागी.

“खोटं कर म्हणत नाही मी,” भाचा म्हणाला. “जरा हात सैल सोड. मागच्या चाकाला लागतील. तिथे जोडीने टायर असतात. एक गेला तरी दुसरा धरतो.”

मामीने पहिला टायर पुन्हा ठोकून बघितला. भद्. पण तसा फार मोठा नाही, असं तिचं तिलाच वाटलं. किंवा वाटून घ्यायचं होतं. मग तिने जन्मात केलं नव्हतं ते केलं. हात पुढे केला आणि बिल्ला सुलटा केला.

घड्याळवाले शेठ. तिघांवरही तेच नाव. मनगटावर परातीएवढं घड्याळ बांधून फिरणारा, बोलताना समोरच्याकडे न बघता त्या घड्याळाकडे बघणारा, मामीला एकदा ‘ए बाई’ म्हणालेला. पंचवीस-तीस गाड्यांचा धनी. आजवर नव्याकोऱ्या टायरांशिवाय वापरायचा नाही. पट्टी चढवायला आलेले त्याचे हे पहिलेच तीन. त्याच्यावरही ही वेळ आली, या विचाराने घाबरायला हवं होतं. मामीला उलट हायसं वाटलं. त्याच्या एकाही ड्रायव्हरचं तोंड तिच्या ओळखीचं नव्हतं.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कारटं, असं वागणाऱ्यांना तिने आयुष्यभर नावं ठेवली होती. तिने बोट रंगात बुडवलं. एक, दोन, तीन.

भट्टी पेटली. पावडर घासता घासता गायला लागला, आणि त्याचं गाणं इतकं बेसूर होतं की सगळे हसले. मामीने रॉकेलने बोट धुतलं. नखाच्या कडेला पिवळं राहिलंच.

पुढे काही झालं नाही. मामीला ते जास्तच जड गेलं. कुठून काही बातमी आली असती तर रडून तरी मोकळी झाली असती. ती रोज ड्रायव्हरांच्या गप्पांकडे कान लावून बसे. कुणाचा टायर फुटला म्हटलं की हातातलं काम थांबे. कुणाचा? कुठे? शेठचा नाही म्हटल्यावर पुन्हा हातोडी चालू लागे. भाच्याने पुन्हा एकदा हात सैल सोडायचा विषय काढला तेव्हा तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि तो आल्या पावली परत गेला.

मग एका सकाळी बाजार असा कोसळला, की टीव्हीवरच्या बाईला बोलता बोलता ढास लागली. त्या दिवशी भाचा फिशटँकमध्ये दिवा न लावता बसून होता. बाहेरून फक्त फोनचा उजेड त्याच्या हनुवटीवर दिसत होता. लाल. बंदरात माल पडून आहे म्हणाले, मग गिऱ्हाईकानेच माल नको म्हटलंय म्हणाले. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे तर सुकं कुठलं आणि ओलं कुठलं तेच कळेना. आठवड्याभरात घड्याळवाल्या शेठने धंदा गुंडाळला. त्याच्या गाड्या एका माळावर ओळीने उभ्या होत्या आणि लोक येऊन सुटा माल नेत होते. बॅटऱ्या, ताडपत्र्या, आरसे, टायर. घड्याळसुद्धा विकलं, असं पावडर सांगत होता, पण पावडरचं काय, त्याला चांगली गोष्ट सापडली की तो पुराव्यासाठी थांबत नसे.

शेठ बुडाला हे ऐकून मामीला वाटलं, गाड्या उभ्या राहिल्या. म्हणजे ते तीन टायरही उभे राहिले. त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

दोन दिवसांनी दुपारी लेकीचा फोन आला. लेक खुशीत होती. इकडचं तिकडचं झालं, नातवाच्या पडलेल्या दाताचं झालं, आणि मग ती म्हणाली, की हे आज वरून माल भरून निघालेत, संध्याकाळच्या आत घरी येतील, आणि मुख्य म्हणजे टायरांची काळजी मिटली. मामी विचारायचं म्हणून विचारत होती. कुठे मिळाले?

“अगं, त्या शेठच्या माळावर. मातीमोलाने गेलं सगळं. दोन आणले.”

मामी फोन घेऊन उठून उभी राहिली. “आत नीट बघितलं होतं का त्यांनी?”

“बघितलं म्हणजे? तुझं बोट होतं म्हणून तर घेतले. पुढच्या चाकांना लावलेत.”

पट्टी चढवलेला टायर पुढच्या चाकाला कुणी लावत नाही. मागचा फुटला तर गाडी लंगडते, पुढचा फुटला तर ती चालवणाऱ्याची राहत नाही. हे जावयाला माहीत होतं, लेकीला माहीत होतं, रस्त्यावरच्या पोरासोरांना माहीत होतं. पण पिवळं बोट असल्यावर नियम कशाला बघायचा?

“आई? ऐकतेयस ना?”

मामीने ऐकते म्हणून सांगितलं, आणि भात करपतोय असं काहीतरी सांगून फोन ठेवला. जावयाला लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. सीटखालच्या डब्यात, तिच्याच शपथेखाली, तो मुकाट पडून होता.

ती हातोडी घेऊन रस्त्यावर आली. मागून भाचा आला, काय झालं विचारत. तिने एवढंच सांगितलं, की ते तीन, त्यातले दोन आपल्या घरी आलेत. भाच्याच्या तोंडाचं पाणी पळालं. तो तिच्याशेजारी उभा राहिला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हातात फोन असून त्याने त्याकडे पाहिलं नाही.

रस्ता तापला होता. वरून एकेक ट्रक येत होता, वळणावर वेग कमी करत होता आणि उताराला लागत होता. मामीला वाटायचं हा, मग वाटायचं नाही, आणि नाही म्हटलं की दुसराच विचार यायचा. तो आधीच गेला असेल तर? आपण आत फोनवर बोलत होतो तेवढ्यात? घाटातून कसलाही आवाज वर येत नव्हता. येतही नाही, ती जाणून होती. घाटातले आवाज खालच्या गावालाच ऐकू जातात.

मग ओळखीचा हॉर्न वाजला. तीनदा, जावयाची सवय. सासूला सलाम म्हणायचा तो त्याला. ट्रक वळणावरून आला तो गाभण म्हशीसारखा, एका अंगाला झुकून, माल ताडपत्रीच्या बाहेर आलेला. त्याला थांबायचं नव्हतं. भाच्याने हात हलवले, जावयानेही हसून हात हलवला. तेव्हा मामी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिने हातोडी वर धरली.

ब्रेक किंचाळले. रबराचा वास सुटला. ट्रक थांबला तेव्हा मामीने हात लांब केला असता तर तो नंबरप्लेटला लागला असता.

जावई खाली उडी मारून आला. जीभ मात्र जागेवर होती. “आई, गिऱ्हाईक कमी झालं हे मला माहीत होतं. पण असं वाट अडवून पकडायला लागलात?”

मामी चाकापाशी बसली. डावा ठोकला. बरा नव्हता, पण वाजला. उजव्याकडे गेली. तिथे ठोकायची गरजच नव्हती. टायरच्या पोटाला मुठीएवढं टेंगूळ आलं होतं. तिने तळवा ठेवला. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळासारखं गरम होतं ते, आणि आत काहीतरी बारीक ठुसठुसत होतं. कदाचित तिचीच नाडी असेल.

“तुमचंच बोट आहे त्यात,” जावई म्हणाला. आता तो हसत नव्हता.

“बोट खोटं आहे,” मामी म्हणाली.

जावयाने भाच्याकडे पाहिलं. भाच्याने स्वतःच्या चपलांकडे. मग भाच्याने चळतीतले दोन टायर स्वतः घरंगळत आणले. त्याला कुणी ते काम करताना पाहिलं नव्हतं, आणि तो ते वाईटच करत होता, पण करत होता. पावडरने जॅक लावला. निम्मा माल शेडमध्ये उतरवून ठेवायला मामीने सांगितलं, आणि एरवी हुज्जत घालणारा जावई ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायला लागला.

चहा झाला. पावडरने तो फार गोड केला होता. चाकं बदलून झाली तसा जावयाच्या चेहऱ्यावर रंग परतला, आणि तो म्हणाला, की सासू असावी तर अशी, आधी जीव घ्यायचा बेत करायचा आणि मग स्वतःच आडवं यायचं. मामीने कप खाली ठेवला. ती एवढा वेळ जो प्रश्न तोंडात घोळवत होती, तो आता थांबेना.

“शेठकडे तीन होते,” ती म्हणाली. “तिसरा कुठे आहे?”

“तिसरा एका म्हाताऱ्याने नेला.” जावई सहज बोलून गेला, आणि मग त्याचा आवाज हळूहळू खाली आला. “जुना ट्रक होता त्याचा. क्लीनर परवडत नाही म्हणून बायकोला शेजारी बसवून फिरतो. बाई खाली उतरून चाकाला दगड लावत होती. तो घ्यायलाच तयार नव्हता. पट्टीचा टायर पुढे नको म्हणत होता.”

“मग?”

“मीच म्हणालो, काका, डोळे मिटून लावा. माझ्या सासूचं बोट आहे.”

मामीने विचारलं, ट्रक कुठला, कसला, नंबर काय. जावयाला नंबर आठवेना. केबिन निळी होती. का हिरवी. म्हातारीच्या डोक्याला टॉवेल बांधलेला होता. रस्ता कुठला? त्याने मान फिरवून त्या वळणाकडे बघितलं. हाच, म्हणाला. दुसरा आहे कुठे?

जावई निघाला तो हलका होऊन, सावकाश. जाताना त्याने हॉर्न एकदाच वाजवला, तोही अर्धवट. मामी बघत राहिली. त्याच्या चाकांचा आवाज उतारावरून खाली जाताना ठणठणीत, एकसारखा होता, आणि तो विरून गेला तरी ती हलली नाही.

भाचा दोनदा येऊन आत चल म्हणाला. दुसऱ्यांदा त्याने एक स्टूल आणून ठेवलं आणि स्वतः फिशटँकमध्ये जाऊन टायरवाल्यांना, ढाबेवाल्यांना, ओळखीच्या प्रत्येक ड्रायव्हरला फोन लावत बसला. निळी केबिन, नाहीतर हिरवी. शेजारी म्हातारी. टीव्ही त्याने बंद केला होता. पावडरने पिवळ्या रंगाचा डबा झाकण लावून फळीवर सरकवला, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

मामी स्टुलावर बसली नाही. ट्रक येत होते. निळा दिसला की ती हातोडी वर करायची. काही थांबले, काहींनी शिव्या दिल्या. एकाला वाटलं, सरकारने नवा कर काढलाय आणि वसुलीला म्हातारीला बसवलंय. तो चिल्लर शोधायला लागला. मामीने त्याच्या पुढच्या चाकावर ठोकून बघितलं आणि जा म्हणाली.

मग ज्यांच्या केबिनी निळ्या नव्हत्या त्यांनाही ती थांबवायला लागली. उतारापलीकडे सावल्या लांब होत होत्या. वरच्या वळणावर आणखी एका इंजिनाचा आवाज आला, जुन्या, धापा टाकणाऱ्या इंजिनाचा. मामीने मान तिरकी केली, हातोडी धरलेला हात वर उचलला, आणि कान टवकारून त्याच्या पुढच्या चाकांचा आवाज ऐकू लागली.